कमी जागेत उंच दवाखाना : कोणता मजला कशासाठी, लिफ्ट किती हव्यात आणि आग लागली तर काय?

छत्रपती संभाजीनगर : सिल्लोड, कन्नड, सोयगाव, वैजापूर, गंगापूर, पैठण, फुलंब्री, खुलताबाद. कोणत्याही तालुक्यातून निघा, आजार मोठा असला की गाडी शेवटी संभाजीनगरातच येते. घाटीत जागा मिळाली तर घाटी, नाहीतर जालना रोड, गारखेडा, सिडको, बीड बायपास या भागातला एखादा खासगी दवाखाना. आणि आता शहरातले दवाखाने आडवे पसरत नाहीत, वर चढतात. पाच मजले, सात मजले, त्याहूनही जास्त.

गावाकडचा माणूस पेशंट घेऊन अशा इमारतीत शिरला की गोंधळतो. केसपेपर खाली, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, सोनोग्राफी तळघरात, पेशंट सहाव्या मजल्यावर आणि मेडिकल पुन्हा खाली. "हे असं का बांधलं?" असा प्रश्न पडतो. काही ठिकाणी त्यामागे चांगलं कारण असतं, काही ठिकाणी कारण काहीच नसतं, नुसती जागा मिळेल तिथे खोली काढलेली असते. यातला फरक आपल्याला कळला पाहिजे, कारण तो फक्त पायपिटीचा नाही, जिवाचा आहे.

आधी गुंठ्याचा हिशेब

शहरात २० गुंठे जागा म्हणजे फार मोठी गोष्ट. शेताच्या भाषेत अर्धा एकर. चौरस फुटात २१,७८०. समजा हा प्लॉट चौकोनी आहे, म्हणजे एक बाजू साधारण १४८ फूट.

पण मोठा दवाखाना असेल तर कुंपणाला लागून भिंत उभी करता येत नाही. अग्निशमन दलाची गाडी इमारतीभोवती फिरली पाहिजे, म्हणून चारही बाजूंनी सुमारे ६ मीटर, म्हणजे २० फूट जागा मोकळी धरायची. दोन्हीकडून २०-२० फूट गेले, बाजू राहिली १०८ फूट. १०८ गुणिले १०८ म्हणजे ११,६६४ चौरस फूट. २० गुंठ्यांपैकी बांधायला मिळाले अकरा गुंठ्यांपेक्षाही कमी.

आता गरज बघू. सगळ्या सोयी असलेल्या दवाखान्यात एका खाटेमागे ढोबळ मानाने ८०० ते १००० चौरस फूट बांधकाम धरतात. खाट स्वतः फार जागा खात नाही. पण ऑपरेशन थिएटर, आयसीयू, लॅब, एक्स-रे, औषधांचं कोठार, कपडे धुण्याची खोली, जिने, लिफ्ट, बोळ हे सगळं त्या खाटेच्याच हिशेबात येतं. १०० खाटांना ९०,००० चौरस फूट धरले तर एका मजल्याला ११,६६४ या दराने जवळजवळ आठ मजले लागतात. गाड्यांच्या पार्किंगचं तळघर वेगळंच.

म्हणजे उंच दवाखाना ही हौस नाही, जागेने आणलेली वेळ आहे. मात्र आडवा नकाशा उचलून एकावर एक आठ वेळा ठेवला म्हणजे उभा दवाखाना होत नाही.

घाटीसारखा आडवा की मुंबईसारखा उभा?

आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे घाटी. १९५६ साली महाविद्यालय सुरू झालं. त्या काळी सरकारी दवाखाने मोठ्या आवारात, वेगवेगळ्या इमारतींत बांधत. मेडिसिन वेगळं, सर्जरी वेगळी, बाळंतपणाचा विभाग वेगळा. त्यामागे विचार होता. प्रत्येक वॉर्डाला दोन्ही बाजूंनी वारा आणि ऊन मिळायचं, एका विभागातला संसर्ग दुसऱ्यात जायची भीती कमी. तोटा असा की पेशंटला एका इमारतीतून दुसरीकडे न्यायचं तर ट्रॉली उन्हापावसातून ढकलावी लागते.

मुंबईला एवढी जागा कधीच परवडली नाही. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं तेच सात मजली इमारतीत. आपल्याकडचे कितीतरी कॅन्सरचे पेशंट आजही 'टाटाला नेलं' असं म्हणतात, ते हेच. पुढे पेडर रोडवर जसलोक आलं, १९७३ साली. गिरगावातलं जुनं सर हरकिसनदास रुग्णालय नव्याने उंच बांधून २०१४ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे वर चढणारा दवाखाना महाराष्ट्राला नवा नाही. आपल्या शहराला मात्र तो आता आता ओळखीचा होतोय.

उभ्या दवाखान्याचा मोठा फायदा आहे. सगळं एका छपराखाली, आणि नीट आखलं असेल तर अपघात विभागातून ऑपरेशन थिएटरपर्यंत पेशंट दोन-तीन मिनिटांत पोचतो. तोटाही तेवढाच मोठा आहे. सगळा दवाखाना लिफ्टच्या दोरीवर टांगलेला असतो.

कोणत्या मजल्यावर काय, आणि का?

जिल्ह्यात कुठलाही दवाखाना बघा, ढोबळ क्रम असा असायला हवा.

तळघर : पार्किंग, पाण्याच्या टाक्या, पंप. कॅन्सरला शेक देण्याचं, म्हणजे रेडिएशनचं मशीनही बहुतेक ठिकाणी इथे किंवा जमिनीलगत असतं. कारण त्याचे किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून काही भिंती दोन मीटर किंवा त्याहून जाड काँक्रीटच्या लागतात. एवढ्या भिंतीचं वजन प्रत्येक चौरस मीटरला जवळपास पाच टन भरतं. ते ओझं पाचव्या मजल्यावर कोण उचलणार? या खोलीचा नकाशा अणुऊर्जा नियामक मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आपल्या मनाने भिंत घालता येत नाही.

तळमजला : अपघात विभाग, केसपेपर, एक्स-रे, सीटी स्कॅन, मेडिकल. १०८ ची गाडी थेट दारात लागली पाहिजे आणि तिची वाट ओपीडीच्या गर्दीतून जाता कामा नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो ते टेबलही इथेच हवं, कारण योजनेचं काम आधी आणि भरती नंतर.

एमआरआय पण शक्यतो खालीच. त्यातलं चुंबक काही टन वजनाचं असतं, आणि जवळून लोखंड हललं, म्हणजे लिफ्ट गेली किंवा मोठी गाडी फिरली, तरी फोटो बिघडू शकतो. म्हणून एमआरआयची खोली लिफ्टपासून आणि गाड्यांच्या वाटेपासून लांब ठेवतात. जागा लहान असली की हेच सर्वांत अवघड कोडं होतं.

पहिला-दुसरा मजला : ओपीडी आणि लॅब. रोज सर्वांत जास्त माणसं इथे येतात. ओपीडी खाली ठेवली की शेकडो माणसं जिन्याने चढू शकतात आणि लिफ्टवरचा भार हलका होतो. ओपीडी सहाव्या मजल्यावर असेल तर समजा की नकाशा करणाऱ्याने लिफ्टचा विचार केलेला नाही.

मधले मजले : ऑपरेशन थिएटर, आयसीयू, बाळंतपणाचा विभाग. हे तिन्ही एकाच मजल्यावर किंवा बरोबर वर-खाली हवेत. ऑपरेशन झालेल्या पेशंटला आयसीयूत नेताना लिफ्टची वाट बघावी लागू नये. थिएटरची हवा तासाला किमान २० वेळा बदलावी लागते आणि आतला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवावा लागतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. त्याची मोठी यंत्रं ठेवायला थिएटरच्या वर किंवा शेजारी खास जागा सोडतात. टीबीसारख्या आजाराच्या खोलीत याच्या अगदी उलट. तिथे दाब कमी, म्हणजे आतली हवा बोळात येत नाही.

वरचे मजले : वॉर्ड आणि खोल्या. इथे पेशंट दिवसेंदिवस राहतो, सारखी ये-जा नसते. उजेड आणि वारा वर चांगला मिळतो, रस्त्याचा आवाज कमी. एका नर्सच्या टेबलावरून सगळ्या खाटा नजरेत याव्यात, म्हणून एका वॉर्डात साधारण ३० पर्यंतच खाटा ठेवणं बरं.

गच्ची : लहान पाण्याची टाकी, वातानुकूलनाची यंत्रं, लिफ्टचं मशीन, सोलर. जेवणाचं कँटीन गच्चीवर पत्रे ठोकून थाटलेलं दिसलं तर खुशाल शंका घ्या. गच्ची ही आगीच्या वेळी लोक थांबण्याचीही जागा असते.

खरा जीव लिफ्टमध्ये

डॉक्टर कितीही मोठा असो, पेशंट त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून उंच दवाखान्यात पहिला प्रश्न लिफ्टचा.

साधी लिफ्ट आणि खाटेची लिफ्ट यात फरक आहे. खाटेची लिफ्ट आत २.४ मीटर, म्हणजे आठ फूट खोल असते. खाट, सलाईनचा स्टँड, ऑक्सिजनचं नळकांडं, नर्स आणि वॉर्डबॉय एकदम मावले पाहिजेत. पेशंटला बसवून, वाकवून किंवा खुर्चीत टाकून न्यावं लागत असेल तर ती दवाखान्याची लिफ्ट नाही, सोसायटीची लिफ्ट आहे.

दुसरी गोष्ट, लिफ्ट वेगवेगळ्या हव्यात. एक पेशंटसाठी, एक नातेवाईक आणि ओपीडीसाठी, एक जेवण-कपडे-औषधांसाठी. कचरा आणि मृतदेह नेण्याची वाट सगळ्यांपासून वेगळी. जिथे एकाच लिफ्टमधून जेवणाची गाडी, वापरलेल्या पट्ट्यांची पिशवी आणि बाळंतीण जाते, तिथे संसर्ग एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. जागा कमी म्हणून दोनच लिफ्ट असतील, तर निदान वेळा तरी वाटून दिल्या पाहिजेत. कचऱ्याची वेळ ठरलेली, जेवणाची वेळ ठरलेली.

तिसरी गोष्ट साधा गुणाकार आहे. समजा खाटेच्या लिफ्टला एक फेरी करायला तीन मिनिटं लागतात. तासाला झाल्या २० फेऱ्या. सकाळी ९ ते ११ मध्ये ऑपरेशनचे पेशंट, सीटी स्कॅनला जाणारे, सुट्टी झालेले, नवे भरती झालेले, सगळे तीच लिफ्ट मागतात. एक बंद पडली की दुसरीवर दुप्पट भार. म्हणून पेशंटच्या लिफ्ट कधीच एक नसाव्यात, किमान दोन आणि त्यातली एक जनरेटरवर चालणारी हवीच.

मग रॅम्प का नाही?

"लिफ्ट बंद पडते, त्यापेक्षा रॅम्प बांधा," असं बरेच जण म्हणतात. बोलणं बरोबर आहे, पण हिशेब करून बघा. ट्रॉली किंवा चाकाची खुर्ची सुरक्षित चढवायची तर उतार १२ ला १ हवा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट चाल. दवाखान्याच्या मजल्याची उंची साधारण ४ मीटर, कारण छताखालून हवेचे, पाण्याचे, ऑक्सिजनचे पाइप जातात. चार मीटर चढायला ४८ मीटर रॅम्प लागला. रुंदी २.४ मीटर धरली तर प्रत्येक मजल्यावर एक गुंठ्याहून जास्त जागा रॅम्पलाच गेली. आठ मजल्यांच्या इमारतीत तळापासून वरपर्यंत ३३६ मीटर ट्रॉली ढकलायची. उतरताना तर ती धरून ठेवायला दोन-तीन दणकट माणसं लागतील.

म्हणून तीन-चार मजल्यांपर्यंत रॅम्प शहाणपणाचा. त्याच्या वर गेलं की रुंद जिने, जास्त लिफ्ट आणि खालच्या मजल्यांपुरता रॅम्प, असा मधला मार्ग काढतात. थिएटर आणि आयसीयू जिथपर्यंत आहेत तिथपर्यंत रॅम्प असला तरी मोठी सोय होते.

पाणी, वीज आणि ऑक्सिजन

संभाजीनगरात वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आलंय, हे वेगळं सांगायला नको. दवाखान्याला पाणी किती लागतं? राष्ट्रीय मानकांप्रमाणे १०० खाटांपर्यंत एका खाटेमागे रोज ३४० लिटर आणि त्याहून मोठ्या दवाखान्याला ४५० लिटर. म्हणजे १०० खाटांना दिवसाला ३४,००० लिटर, १० हजारांचे साडेतीन टँकर. पाच दिवसांचा साठा ठेवायचा तर १ लाख ७० हजार लिटर, वजनाने १७० टन. हे पाणी गच्चीवर ठेवलं तर इमारतीच्या डोक्यावर ओझं. म्हणून मोठी टाकी जमिनीत, वर फक्त दिवसापुरती. आगीसाठीचं पाणी वेगळं, त्याला हात लावायचा नाही.

ओझ्याचा विषय निघाला म्हणून सांगायचं, मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलाय. भूकंपानंतर सगळं पडलं तरी दवाखाना चालू राहिला पाहिजे. म्हणून भारतीय मानकांत दवाखान्याची इमारत साध्या घरापेक्षा दीडपट जोर धरून आखायला सांगितली आहे. घरासाठी बांधलेल्या इमारतीवर दोन मजले चढवून तिचा दवाखाना केला असेल, तर हा दीडपट हिशेब कुठे केला हे विचारलं पाहिजे.

वीज गेली की थिएटर आणि आयसीयू क्षणभरही थांबू शकत नाहीत. तिथे आधी बॅटरी, मग जनरेटर. जनरेटर तळघरात ठेवणं सोपं पडतं, पण पाणी शिरलं की सगळं संपलं. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईतल्या पुरात एका मोठ्या खासगी दवाखान्यात हेच झालं. जनरेटर बुडाले आणि आयसीयूतले पेशंट दगावले.

ऑक्सिजनची मोठी टाकी कायम उघड्यावर, जमिनीवर हवी. टँकर तिच्यापर्यंत वळला पाहिजे. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि व्हेंटिलेटरवरचे वीसहून अधिक पेशंट गेले. तेव्हापासून एक गोष्ट सगळ्यांना पटली. टाकी एकच असून चालत नाही, गळती झाली तर लगेच चालू होणारी सिलिंडरची दुसरी रांग जोडलेली पाहिजे.

आग लागली तर?

इथे जरा थांबून वाचा.

घराला आग लागली तर आपण बाहेर पळतो. दवाखान्यात ते चालत नाही. व्हेंटिलेटरवरचा माणूस, काचेच्या पेटीतलं बाळ, नुकतंच पोट शिवलेली बाई आठ जिने उतरू शकत नाहीत. आणि आग लागली की साधी लिफ्ट वापरायची नसते.

मग करायचं काय? उंच दवाखान्यात नियम असा की आधी खाली नाही, आडवं जायचं. प्रत्येक मजला मधोमध जाड भिंतीने दोन भागांत वाटलेला हवा. मध्ये आग रोखणारं दार. एका भागात धूर झाला की खाटा ढकलत दुसऱ्या भागात न्यायच्या आणि दार लावून घ्यायचं. ते दार एक-दोन तास आग अडवतं. तेवढ्या वेळात अग्निशमन दल पोचतं, मग जिन्याने एकेकाला खाली नेता येतं.

म्हणून हे दार महत्त्वाचं. आणि बहुतेक ठिकाणी तेच वीट लावून किंवा खुर्ची अडकवून उघडं ठेवलेलं दिसतं, ये-जा सोपी व्हावी म्हणून. उघडं दार म्हणजे नसलेली भिंत.

दवाखान्यातल्या आगीत माणसं जळून कमी आणि धुराने गुदमरून जास्त जातात. ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग तळघरात लागली. तिथे पार्किंगच्या जागी सामान भरून ठेवलं होतं. धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि ९० च्या आसपास माणसं गेली, बहुतेक पेशंट. ज्यांच्या मजल्यावर आगीचा लोळही पोचला नाही, तेही गेले. चुलीवरचं धुराडं कसं काम करतं ते आठवा. पाइप, वायर आणि लिफ्टसाठी तळापासून गच्चीपर्यंत जे उभे पोकळ भाग असतात, ते आगीच्या वेळी धुराडंच होतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर वायरींच्या भोवतीची भोकं आग न लागणाऱ्या मालाने बुजवावी लागतात.

महाराष्ट्राचा अनुभव तर ताजा आहे. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांच्या विभागात आग, १० बाळं गेली. २३ एप्रिल २०२१, विरार, खासगी दवाखान्याच्या आयसीयूत आग. ६ नोव्हेंबर २०२१, अहमदनगर जिल्हा रुग्णालय, पुन्हा आयसीयू. यातली कुठलीही इमारत गगनचुंबी नव्हती. ऑक्सिजन जिथे जास्त वापरतात तिथे एक ठिणगीही झपाट्याने पसरते. त्यामुळे आयसीयूबाहेर भिंतीवर ऑक्सिजन बंद करण्याचा कॉक असतो आणि तो कोणता हे रात्रपाळीच्या नर्सला माहीत असलंच पाहिजे. जिथे तळमजल्यावर किंवा दुसऱ्या मजल्यावर माणसं वाचवता आली नाहीत, तिथे सातव्या मजल्यावर काय होईल, हा विचार नकाशा काढतानाच करायचा असतो.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्याप्रमाणे इमारतीचा मालक किंवा वापरणारा याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला 'नमुना ब' म्हणतात. "तुमचं या वेळचं नमुना ब झालंय का?" एवढं विचारणं म्हणजे भांडण नाही.

नातेवाइकांनी बसायचं कुठे?

शहरातल्या पेशंटबरोबर एक माणूस येतो. गावातून येतात चार. एक पेशंटजवळ, एक औषधांच्या मागे, एक पैशांच्या जुळवाजुळवीला, आणि म्हातारी आई घरी थांबत नाही म्हणून ती पण. सोबत डबा, पाण्याची कळशी, चादर. आडव्या दवाखान्यात ही माणसं झाडाखाली बसायची. उभ्या दवाखान्यात झाड नाही. मग ती जिन्यात बसतात, बोळात झोपतात, आणि आगीच्या वेळी तोच जिना, तोच बोळ बाहेर पडण्याची वाट असतो.

याचा दोष नातेवाइकांवर टाकून उपयोग नाही. माणसं येणार हे माहीत असताना नकाशात त्यांची जागा न धरणं ही नकाशाची चूक. प्रत्येक वॉर्डाच्या मजल्यावर बसायची खोली, खाली डबा खायची आणि आंघोळीची सोय, आणि रात्री झोपायला जवळपास धर्मशाळा. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या पेशंट आणि नातेवाइकांना आसरा देते, तेव्हा कुठे ते उंच रुग्णालय गरिबाला परवडतं. प्लॉटवर जागा नसेल तर प्लॉटबाहेर सोय करा, पण करा.

पाट्यांचंही तसंच. देवगिरी किल्ल्यातली अंधारी सगळ्यांनी पाहिली असेल. शत्रूला वाट सापडू नये म्हणून ती तशी केलेली. दवाखान्यात याच्या उलट हवं. लिफ्टमध्ये 'जी' म्हणजे तळमजला, 'एलजी' म्हणजे त्याच्या खालचा, 'बी' म्हणजे तळघर, हे गावातल्या माणसाने कुठे शिकायचं? पाटी मराठीत, अक्षर मोठं, आणि जमिनीवर रंगीत पट्टा. लाल पट्टा धरून चाललं की अपघात विभाग, निळा धरून चाललं की लॅब. ज्याला वाचता येत नाही तोही पोचतो. खर्च फक्त रंगाचा.

पेशंट घेऊन गेलात तर एवढं बघा

- भरती होताना मजला विचारा आणि त्या मजल्यावरचे दोन्ही जिने कुठे आहेत ते स्वतः जाऊन बघा. जिना एकच असेल किंवा दुसऱ्याला कुलूप असेल तर लगेच सांगा.
- खाटेची लिफ्ट किती, आणि वीज गेल्यावर कोणती चालते, हे वॉर्डबॉयला विचारा.
- आग रोखणारं दार अडकवून ठेवलेलं दिसलं तर ते बंद करा.
- जिन्यात आणि बोळात सामान ठेवू नका, झोपू नका. जागा नसेल तर बसायच्या जागेची मागणी करा.
- वॉर्डात स्टोव्ह, शेगडी, उदबत्ती, विडी-सिगारेट बिलकुल नको. एकाच बोर्डाला चार मोबाईल चार्जरही नको.
- धूर दिसला तर आधी नर्सला सांगा, १०१ ला फोन करा, लिफ्टकडे धावू नका. तोंडाला ओला कपडा, खाली वाकून, पेशंटसह त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या भागात जा. दार मागे लावून घ्या.
- आपल्या ग्रामपंचायतीचे, पंचायत समितीचे सदस्य रुग्ण कल्याण समितीत असतील तर नमुना ब आणि लिफ्टच्या देखभालीचा विषय बैठकीत मांडायला सांगा.

उंची म्हणजे मोठेपण नाही

काचेची उंच इमारत बघितली की इथे उपचार चांगलेच असणार, असं वाटतं. उपचार डॉक्टर आणि नर्स करतात. इमारतीचं काम एवढंच, की पेशंट योग्य वेळी त्यांच्यापर्यंत पोचावा आणि संकटात तिथून सुखरूप निघावा. चार मजल्यांचा नीट आखलेला दवाखाना हे काम दहा मजल्यांच्या गचाळ दवाखान्यापेक्षा चांगलं करतो.

आणि शेवटचा हिशेब तालुक्याचा. तालुक्यांच्या ठिकाणी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयं आहेत, गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रं. तिथे साधं बाळंतपण, साधं हाड, साधा ताप नीट बघितला गेला, तर तेवढे पेशंट शहराच्या लिफ्टसमोर रांगेत उभे राहणार नाहीत. शहरातली जागा वाढत नाही. दवाखाना वर तरी किती चढवणार? पैठणचा पेशंट पैठणलाच बरा झाला, तर संभाजीनगरच्या प्रत्येक उंच दवाखान्याचा एखादा मजला कमी लागेल. तालुक्याचा दवाखाना चालू ठेवण्याची मागणी म्हणून करायची, आणि शहरात पेशंट न्यावाच लागला तर वर चढण्याआधी खाली उतरायची वाट बघून ठेवायची.